आबाजीच्या नावचे तांदूळ

“थांब गं सोनाबाय!” आबाजीने मांडवात काठी आपटली. “देव काय तिकीट काढून येतात व्हय?”

सोनाबाईचा धवला, हळदीचं गाणं, मधेच तुटला. नवरदेवाची हळद होती. धवलारणीने गाऊन आधी देवांना बोलवायचं, मग घराण्यातल्या मेलेल्यांना नावानिशी, आणि तोवर हळदीला कुणी बोट लावायचं नाही, ही रीत. आज सोनाबाईच्या धवल्यात देव खोपोलीचे विजेचे दिवे बघत बघत आगगाडीने घाट उतरत होते.

“सुंदराचे देव पालखीतनं यायचे,” आबाजी म्हणाला. “ती गायली की दहिवलीच्या हिरीला पूर यायचा.”

विहिरीचं हे पाणी मोठं गुणी होतं. गेल्या सालच्या लग्नांत ते नुसतं काठाला येई. शिमग्यानंतर ते ओसंडू लागलं. आणि या हळदीला, आबाजीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर, त्यात एक गाभण म्हैस वाहून गेली.

लोक माना डोलवत होते. आबाजी भावकीतला वडीलधारा, नवऱ्यामुलाचा थोरला आजा. मानाचा नारळ त्याच्या मांडीवर. तो ज्या बाईच्या ओटीत पडेल, भावकीची सारी लग्नं तिच्या गळ्यावर.

“सुंदरासारखं गा. नायतर नारळ शिळफाट्याच्या धवलारनीला.”

सुंदरा म्हणजे सोनाबाईची सासू. ती गात होती तेव्हा हाच आबाजी हीच काठी आपटून म्हणायचा, “आदीची भागी मेली, धवला तिच्यासंगं गेला गं बाय. तू नुसती आरडतेस.” सुंदरा मुकाट घरी यायची आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून निजायची. एका लग्नानंतर ती गायलीच नाही. मेली, आणि आबाजीच्या तोंडी ती एकदम गोड झाली.

सोनाबाईने पदर खोचला.

“बरं, आबाजी. जुन्यांनाच बोलावते.”

तिने मेलेल्यांचा धवला धरला, अगदी सासूच्या चालीवर. शेजारी नवरदेवाची आई मैना पत्रावळ घेऊन बसली होती. एकेक नाव आलं की पत्रावळीवर एकेक चिमूट तांदूळ.

“या रं पोशाआजा, हळदीला या…” चिमूट पडली.

“या रं सखाकाका, हळदीला या…” चिमूट पडली.

“या रं आबाजीआजा, हळदीला या…”

मैनाचा हात चालीला सरावलेला. तीही चिमूट पडली.

मग तिला कळलं आणि तिने हात असा मागे ओढला, जणू विंचवावर पडला. विहीणबाईंच्या तोंडातला विडा तोंडातच राहिला. आबाजी वाकून पत्रावळीकडे बघत राहिला. सखाच्या शेजारी त्याची ढिगली, सखाच्यापेक्षा जरा मोठीच.

“अगं भवाने, मी जिता हाय!”

“जिते हाव?” सोनाबाई म्हणाली. “मंग मेल्यांत कशापायी बसलाव? तुमाला भागी लागते, सुंदरा लागते. त्या दोगी तिकडंच हायेत. म्हनलं, तुमचं पानबी तिकडंच मांडावं. माजी सासू जिती होती तवा तुमाला तिचा गळा ऐकू आला नाय. माजा ऐकायला मी मरायची नाय, आबाजी. सांगून ठेवते.”

बायकांनी पदर तोंडात कोंबले.

आबाजीने मांडवभर नजर फिरवली. मग आपल्या नावची ढिगली उचलून तोंडात टाकली आणि सगळ्यांना दिसेल अशी कराकरा चावली. मेलेली माणसं चावत नाहीत, हे एकदा चारचौघांत ठरायला हवं होतं.

नारळ सोनाबाईच्या ओटीत पडला.

“बाय,” तो हळूच म्हणाला, “ती तुजी आगगाडी कुटवर आलीती?”

“घाट उतरून कवाची उभी हाय,” सोनाबाई म्हणाली. “रुळावर तुमीच आडवे पडलाव.”