सोमवारच्या आत

अंगठा द्यायचा तिथं बुद्धभूषणने पेन्सिलीने फुली मारली आणि शाईचा पॅड उघडून धोंडाबाईंपुढे सरकवला. धोंडाबाईंनी पॅडकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

‘काय लिवलंय ते वाच आदी.’

‘मी तुमची केस सोडतोय आणि त्याला तुमची हरकत नाही, असं लिहिलंय, आत्या.’

किकवीजवळच्या पुनर्वसन वसाहतीतलं पत्र्याचं घर. मूळची वाडी वेल्ह्याच्या खोऱ्यात होती, ती धरणात गेली. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळायची होती, ती मिळाली नाही. बावीस वर्षांपूर्वी त्रेचाळीस कुटुंबांनी सरकारविरुद्ध हायकोर्टात याचिका केली. अर्जदार क्रमांक एक धोंडाबाई. बाकीच्यांनी त्यांनाच मुखत्यार नेमलं. वकील बुद्धभूषण, तेव्हा तिशीतला, भोरहून एसटीने येणारा.

आता तो मोटारीने आला होता. राज्याच्या महाधिवक्तापदासाठी तीन नावं होती, त्यात त्याचं दुसरं. पात्रतेची कागदपत्रं बिनचूक होती. अडचण एकच: सरकारविरुद्धची ही एक केस त्याच्या नावावर शिल्लक होती. सोमवारच्या आत सोडा, असा मुंबईहून फोन होता. आज शनिवार.

‘लई मोठी जागा हाय म्हन,’ धोंडाबाई म्हणाल्या.

‘सरकारचा सगळ्यात मोठा वकील.’

‘शिकावं किती लागतं त्याला?’

‘हायकोर्टात दहा वर्षं वकिली केलेली असावी लागते.’

‘मंग आमच्या येकट्या केसवर तू दोनदा पास झालास की.’

चुलीपाशी बसलेली त्यांची सून छाया हसली. मग तिनेच विचारलं, ‘भाऊजी, आता आमच्या बाजूनं कोन उभं ऱ्हानार?’

‘चांगला वकील बघून देतो.’

‘आन समोर? सरकारकडनं?’

बुद्धभूषणने थंड झालेला चहा उचलून प्यायला.

धोंडाबाई अजून कागदाकडेच बघत होत्या. अंगठ्याच्या बाबतीत वाडी फार जपून असे. जमिनी घेताना एका कारकुनाने कोऱ्या कागदांवर अंगठे घेतले होते. पुढे त्याच कागदांवर ‘मोबदला पोचला’ असं निघालं. म्हणून पहिल्याच बैठकीत बुद्धभूषणने सगळ्यांना समोर बसवून एक वाक्य तीनदा म्हणायला लावलं होतं. सरकारचा माणूस कितीही गोड बोलू दे, त्याला अंगठा द्यायचा नाही. वाडीने ते वाक्य गाठीशी बांधलं. निराधार पेन्शनचा फॉर्म घेऊन ग्रामसेवक आले, तर धोंडाबाईंनी त्यांना पाणी पाजलं आणि परत पाठवलं. असं तीन वर्षं चाललं. शेवटी बुद्धभूषणने भोरहून येऊन सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी तो फॉर्म भरू दिला. त्रेचाळीसपैकी सव्वीस अर्जदार याच पत्र्यांखाली वारले. त्या बैठकीनंतर सरकारच्या कागदावर त्यांचा अंगठा शेवटपर्यंत उमटला नाही.

‘आत्या, घाई नाही,’ बुद्धभूषण म्हणाला. मनगटावरच्या घड्याळाकडे त्याची नजर गेलीच.

धोंडाबाईंनी अंगठा पदराला पुसला. शाईवर दाबला. फुलीच्या वर नेला आणि तिथेच धरून ठेवला.

‘तुजी नेमनूक झाली का रं?’

‘अजून नाही. सोमवारनंतर.’

‘म्हंजी आज तू आमचाच हाईस.’

‘हो, आत्या.’

त्यांनी अंगठा टेकवला, जोर देऊन उमटवला आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

‘बरं झालं आजच आलास. मंगळवारपास्नं तुला अंगठा द्यायचा न्हाई.’