मागच्या सीटवरचा खेळ

आर्वी गाव मागं पडलं आणि मागच्या सीटवर पहिलं भांडण पेटलं.

खेळ जयवंतानं काढला होता. अकरा वर्षांची, दोन्ही भावांची मोठी बहीण. "डाव्या हाताच्या बंड्या प्रल्हादच्या, उजव्या हाताच्या मोऱ्याच्या," ती म्हणाली. "ज्याच्या बंड्या जास्ती, त्याले खिडकी."

त्या दिवशी आर्वीचा बाजार होता. सगळ्या बैलबंड्या समोरून, आर्वीकडं चालल्या होत्या. म्हणजे सगळ्या उजव्या हातालाच. पाच वर्षांच्या मोऱ्याला मोजता येत नव्हतं, तरी तो जिंकत होता. प्रल्हादला एकही बंडी मिळेना. त्यानं मोऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला. मोऱ्यानं असा सूर लावला की पुढच्या बंडीचा बैल बुजला.

"चूप बसा रे," पुढं बसलेला त्यांचा बाप रूपराव ओरडला. मग शेजारी पाहून ओशाळला. "घरी असे नाई करत, दादा."

"करू द्या," सदाशिवराव म्हणाले. गाडी त्यांची होती, शहात्तर साली घेतलेली पांढरी अँबेसेडर, आणि ती ते स्वतःच चालवत. रूपरावचे ते चुलतभाऊ, मोठे. अल्लीपूरला ओलिताची शेती, स्लॅबचं घर, आणि घरात मूल नाही.

म्हणूनच ते रूपरावच्या गावी, आष्टीला आले होते. रूपरावचा एक पोरगा त्यांना दत्तक हवा होता. "दोघाईले गाडीत बसू द्या माह्यासंग," ते म्हणाले होते. "मानूस कसा हाय ते गाडीत समजते." पवनारला धाम नदीच्या काठी जेवायचं, तिथं ते पोराचं नाव सांगणार. तो पोरगा त्यांच्यासोबत अल्लीपूरला जाईल, बाकीचे वर्ध्याहून यष्टीनं परत. रूपरावनं तिथल्या तिथं मान डोलावली. मोठा शेतीला लागतो, लहान्याचं भलं होईल, असा त्याचा हिशेब.

मागं पोरांसोबत बसलेल्या त्यांच्या आईला, तानाबाईला, कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती बोलली नसती. सदाशिवराव तिचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर तिचा पदर डोक्यावरून ढळला नव्हता आणि तोंडातून शब्द निघाला नव्हता.

पण सकाळी जयवंताची वेणी घालताना ती बोलली होती.

"मामाच्या गावाले जातानी तू याईले यष्टीत कशी रमवत नेतं? तशी आज नेऊ नोको."

"मंग?"

"उलटं कर. रडव, भांडव. तुह्या मोठ्या बाबाले या पोट्ट्याईचं तोंड पाहू नये वाटलं पाहिजे."

"काऊन?"

"नाई त मोऱ्या आज रात्री आपल्या घरी नसन."

जयवंतानं मागं वळून पाहिलं. "बाबा मारतीन मले."

"मी हावो ना," तानाबाई म्हणाली.

गाडीला खरांगणा गाव लागलं. जयवंतानं चूप बसायचा खेळ लावला आणि चूप बसलेल्यालाच हरला म्हणून जाहीर केलं.

"म्या तोंड उघडलंच नाई," प्रल्हाद म्हणाला.

"आता उघडलं ना," जयवंता म्हणाली.

त्यावर पेटलेल्या मारामारीनं अख्खी गाडी हलली.

मग तिनं मोऱ्याला सीटवर गुडघ्यांवर उलटं बसवलं. मागच्या काचेतून मागं जाणारी झाडं पाहायची, आणि लिंबाचं दिसलं की ओरडायचं. मोऱ्या चार-दोनदा ओरडला. मग त्याचा चेहरा हिरवा झाला आणि सकाळचे पोहे सदाशिवरावांच्या नव्या सीटकव्हरवर आले.

रूपरावनं कपाळाला हात लावला. तानाबाई खाली वाकून सीट पुसत होती. पदराआड ती हसत होती.

सदाशिवरावांनी समोरच्या आरशात एकदा पाहिलं आणि गियर बदलला.

पवनारला धामच्या खडकावर सगळे जेवायला बसले. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मोऱ्या दमून आईच्या मांडीवर झोपला. प्रल्हाद पाण्यात दगड फेकत होता. सदाशिवरावांनी नदीत हात धुतले, धोतराला पुसले.

"रूपराव, खरं सांगू काय. दोन्ही पोट्ट्याईवर माह्यं मन नाई बसलं."

रूपरावचं तोंड पडलं. तानाबाईनं पदराखालून जयवंताचा हात धरला आणि घट्ट दाबला.

"पन पोट्टे वाईट नाई तुमचे," सदाशिवराव पुढं म्हणाले. "त्याईले कोनीतरी भांडवून राह्यलं होतं. मी आरशातून पाहूनच राह्यलो होतो. बाजाराच्या दिवशी बंड्या एकाच हाताले येतीन, हे मले नाई सुचलं. पोरीले सुचलं."

"मी झोडपतो तिले घरी गेल्यावर," रूपराव म्हणाला.

"घरी कायले नेता? मले द्या तिले."

रूपराव हसला. भाऊ हसत नाही हे पाहून थांबला. "पोरगी? दत्तक?"

"कायद्यात पोरगीबी चालते. एवढी शेती राखाची त डोकं लागते, मंग ते कोनाचंही असो." सदाशिवराव खडकावर बसले. "मी रिकाम्या गाडीनं जानार नाई. पोरगी द्या, नाई त लहाना द्या. होईन त्याले गाडीची सवय. पन हे तुम्ही नोका सांगू, रूपराव. मायनं सांगावं."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तानाबाईकडं वळले.

रूपरावही वळला. जयवंतानं मान वर करून आईकडं पाहिलं. पोरगी घाबरलेली नव्हती.

तानाबाईनं मांडीवरच्या मोऱ्याला छातीशी ओढलं, त्याच्या डोक्यावर पदर घेतला, आणि जयवंताचा हात सोडला.