चिन्नोरचं पोतं

शेताचा धुरा, म्हणजे बांध, फोडला म्हणून धनेंद्रनं चुलतभाऊ लोकेंद्रचा ट्रॅक्टर अडवून ठेवला. गावानं समजावल्यावर स्वतःच चालवत नेऊन दिला, वर चिन्नोर तांदळाचं पोतंही ठेवलं. आज गोरेगावच्या बाजारात लोकेंद्र सगळ्यांना सांगत होता, “धनेंद्रनं दंड भरला!” घरी येताच धनेंद्र काठी शोधू लागला. इतिहास शिकणारी लेक म्हणाली, “बाबा, जुन्या युरोपात सर्ब लोकायनं बल्गेर राजपुत्र पकडला, मंग मानानं सीमेवर पोचवला. ससाणे, कुत्रेही देले. सर्ब म्हनत भेट, बल्गेर म्हनत खंडणी.” “मंग?” “मंग लढतच राह्यले. शेवटी दोघायलेही बाजूच्या सम्राटानं गिळलं.” दोघांच्याही शेतावर डोळा ठेवून बसलेला राइसमिलवाला धनेंद्रला आठवला, पण बाजारातलं हसणं कानात घुमत होतं. त्यानं काठी उचलली. “पोतं परत आनतो.” “अन् काका त्याले काय म्हनतील?” “म्हनू दे साल्याले लूट!”