मेव्हिसची पायरी

मेव्हिस गिरणीत असताना लंडनच्या सिनेमावाल्यांनी "खरं वाटायला हवं" म्हणत तिच्या दारातल्या पायरीला काजळी फासली होती. गुरुवारी तिच्या सॅलफर्ड शहरातल्या थिएटरात ती पायरी पडद्यावर झळकली आणि मेव्हिस ताडकन उठली. "ही घाण माझी नाही! दर शुक्रवारी दगडाने घासून पांढरी करते मी पायरी!" "बस गं खाली," नवरा सिरिल कुजबुजला. "गरिबांचं खरं जगणं दाखवतायत." "खरं जगून माझे गुडघे झिजलेत! त्यापेक्षा नाचगाण्याचे सिनेमे बरे, निदान खऱ्याचा आव तरी आणत नाहीत." अख्खं थिएटर हसलं. सकाळी तिने दार उघडलं, तर सिरिल गुडघे टेकून पायरी घासत होता. गल्लीतल्या कुठल्याच पुरुषाने तो दगड कधी हाती धरला नव्हता. तिला हसूच फुटलं. "ऊठ, मेल्या! असलं तर नाचगाण्याच्या सिनेमातही दाखवत नाहीत."