गोल्ड मेंबर

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नांदेडच्या विमानतळावर बंगळुरूच्या विमानाची घोषणा झाली. भीमा मेंबर उठले, सदरा नीट केला आणि रांगेत सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले.

घोषणेत गोल्ड मेंबरांना आधी बोलावलं होतं. त्यांना ते ‘ओल्ड मेंबर’ असं ऐकू आलं. म्हणजे माजी मेंबर. बिलोली तालुक्यातल्या त्यांच्या गावात त्यांना दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. पोस्टमन मेंबर म्हणे, किराणावाला मेंबर म्हणे. बायको होती तोवर तीही “मेंबर, उठा, जेवून घ्या” असंच म्हणायची. ग्रामपंचायतीवर ते दोनदा निवडून आले होते. पहिल्या बैठकीला सगळ्यांना खुर्च्या होत्या, त्यांना नव्हती. दुसऱ्या बैठकीला ते घरची लोखंडी खुर्ची डोक्यावर घेऊन गेले आणि सरपंचाच्या शेजारी मांडून बसले. सरकारनं माजी मेंबरांसाठी विमानात काही सोय केली असेल, तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

त्यांच्या मागं येऊन दोघं उभे राहिले. एक निळ्या कोटातले साहेब. दुसरा धम्मानंद, त्यांचा मुलगा.

धम्मानंदनं आदल्या दिवशीच बजावलं होतं. “बाबा, आमचे साहेब याच विमानानं निघालेत. विमानतळावर आपण बोलायचं न्हाई. तिकडं उतरलं की बाहेर टॅक्सीपाशी भेटू.” कंपनीत त्याला डी. आनंद म्हणत. ‘डी’ म्हणजे काय हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. भीमा मेंबर फक्त “बरं” म्हणाले होते. ते पहिल्यांदाच मुलाच्या घरी निघाले होते. नात लुंबिनी पाच वर्षांची झाली, तरी त्यांनी तिला फोनवरच पाहिलं होतं. तिच्यासाठी ते एवढं गप्प राहायला तयार होते.

“काका, कार्ड दाखवा,” दारातली मुलगी म्हणाली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर ‘अक्षरा’ लिहिलं होतं.

“कार्ड कशाला, माय? समदा तालुका वळखतो. ओल्ड मेंबर हाव मी. दोन बार निवडून आलो, राखीव जागेवरनं.”

अक्षरानं ओठ दाबले. “ओल्ड नाही काका, गोल्ड. सारखा विमानानं प्रवास करणारे.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. निळ्या कोटातले साहेब पुढं झुकले.

“काका, इथं राखीव जागा नसते. जागेचे वेगळे पैसे मोजावे लागतात.”

आता सगळी रांग हसली. धम्मानंदही हसला. लहानसंच हसला, पण ते हसू भीमा मेंबरांनी त्याच्या लहानपणापासून ऐकलेलं होतं. शंभर माणसांतही त्यांना ते वेगळं ऐकू आलं असतं.

अक्षरा तेवढ्यात त्यांचं तिकीट बघत होती. सत्ताविसावी ओळ, मधली जागा. जागा निवडायचे पैसे भरलेले नव्हते. तिची नजर त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्यावर गेली. तिनं आवाज खाली आणला.

“काका, तुमच्यासोबत कुणी गोल्ड मेंबर आहे का? असेल तर त्यांच्याबरोबर तुम्हालाही आधी जाता येतं. दुसऱ्या ओळीत एक जागा रिकामी आहे, तीही मिळेल. पैसे लागत नाहीत. त्यांनी फक्त सांगायचं, हे माझ्यासोबत आहेत.”

भीमा मेंबरांनी मागं वळून पाहिलं. धम्मानंदच्या हातात सोनेरी कार्ड होतं. तो मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होता. मोबाइलचा पडदा काळाच होता.

“न्हाई, माय,” ते म्हणाले. “माझ्यासंगं कुणी न्हाई.”

ते बाजूला झाले. “या या, आनंद सर,” अक्षरा म्हणाली आणि धम्मानंद साहेबांच्या मागोमाग आत गेला.

पाळी आल्यावर भीमा मेंबर विमानात चढले. दुसऱ्या ओळीत खिडकीपाशी साहेब बसले होते, वाटेच्या कडेला धम्मानंद. दोघांच्या मधल्या जागेवर साहेबांचा निळा कोट पसरलेला होता. भीमा मेंबरांनी ठरवलं होतं, तिकडं बघायचंच नाही. पण पुढं एकजण वर बॅग कोंबत उभा होता. रांग थांबली. ते मुलाच्या अगदी खांद्याशी उभे राहिले.

आपलं माणूस समोर आल्यावर जे तोंडातून निघायचं, ते विचार करायच्या आधीच निघालं.

“जयभीम.”

धम्मानंद खुर्चीच्या पट्ट्याच्या बकलाशी खटपट करू लागला. बकल लागलेलंच होतं.

“जयभीम, मेंबर, जयभीम!” साहेब खिडकीच्या जागेवरून मोकळेपणानं म्हणाले. मग त्यांनी धम्मानंदच्या हातावर थोपटलं. “अहो आनंद, कुणी जयभीम म्हटलं की उलट जयभीम म्हणायचं असतं. एवढं तर मलाही ठाऊक आहे.”

पुढचा माणूस बॅग ठेवून बसला. वाट मोकळी झाली. “सर, प्लीज, पुढे चला,” हवाईसुंदरी म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. भीमा मेंबर हलले नाहीत. मागची रांग पार शिडीच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती आणि धम्मानंदनं अजून मान वर केलेली नव्हती.