पासवरचा सोबती

“बाबा, पास बरोबर आहे. पण ह्या कोण?”

कंडक्टरनं पंच दांडीवर वाजवला आणि ग्यानोबाशेजारी खिडकीला बसलेल्या म्हातारीकडं हनुवटीनं दाखवलं. स्वातंत्र्यसैनिकाला एस.टी. फुकट, आणि सोबतीला एक माणूसही फुकट. आजवर त्या जागेवर शिवगंगा बसायची. नवऱ्याशेजारी बायको, विचारायचं काय त्यात? पण शिवगंगा गेली त्याला आता तीन वर्षं होत आली.

“सोबती हायत,” ग्यानोबा म्हणाला.

“ते दिसतंयच. लागतात कोण तुमच्या?”

आली का पंचाईत! ग्यानोबा लिंगायताचा, धुरपताबाई बौद्धवस्तीतली. एरवी चावडीवर तासभर बोलणारा गडी, भर गाडीत त्याला शब्द सापडेना.

“गावच्या हायत,” तो पुटपुटला.

कंडक्टर भला माणूस. हसला आणि पुढं सरकला. ग्यानोबाला मात्र स्वतःचीच लाज वाटली. एवढं मोठं ठरवून निघालेला माणूस, अन् पहिल्याच सवालाला दातखीळ बसली.

ठरवलं होतं ते असं. आज सव्वीस जानेवारी. लातूर जिल्हा नवा झालेला, तिथं त्याचा सत्कार. खांद्यावर शाल पडली की माईक हातात घ्यायचा आणि पिशवीतला ताम्रपट सरकारला परत करायचा. अक्काला न्हाई, तर मलाबी नको. मागं तो ताम्रपटासाठी धुरपताबाईचं नाव घेऊन कचेरीतल्या साहेबाकडं जाऊन आला होता. साहेबानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि अदबीनं विचारलं, “बाईंचा तुरुंगात गेल्याचा दाखला आहे का?” तिथंच विषय संपला होता.

धुरपताबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवा जिल्हा बघून येऊ की अक्का, एवढंच तो म्हणाला होता. नवं पांढरं लुगडं नेसून ती खुशीत बाहेर बघत होती. बघायला तरी काय होतं? ज्वारी गुडघ्याएवढीच वाळून गेलेली, अन् गाव आलं की टँकरभोवती घागरी.

“पिशवीत काय हाय रं, ग्यानबा? अंडी असल्यावानी धरून बसलायस.”

त्यानं नको म्हणायच्या आत तिनं ताम्रपट बाहेर काढला. तांबं काळं पडलं होतं.

“असा नेतूस व्हय सरकारात? लाज हाय का न्हाई?” तिनं कनवटीची गाठ सोडली. आत चिंचेचा गोळा. “म्या आणलीच हाय. औंदा पान्याच्या रांगेतच जीव चाललाय, घासायला यायचं जमलंच न्हाई.”

शिवगंगा गेल्यापासून दर सव्वीस जानेवारीच्या आधी ती यायची, ओसरीवर बसून ताम्रपट लखलखीत करायची आणि चहासुद्धा न घेता जायची. ग्यानोबाला वाटायचं, शिवगंगेच्या आठवणीनं करते बिचारी.

तिनं तो मांडीवर घेतला. डावा हात वरून दाबला, उजव्यानं चिंच चोळू लागली. डावा हात मनगटात वाकडा होता. रझाकारांच्या दिवसांत, एका भर दुपारी, एकोणीस वर्षांचा ग्यानोबा पायात गोळी घेऊन तिच्या तुरीच्या वाळल्या तुराट्यांच्या ढिगाखाली पडला होता. ते आले, कुठं लपवलास म्हणून तिचा हात मोडेपर्यंत पिरगाळला, आणि तिनं ढिगाकडं पाहिलंसुद्धा नाही. हाड बसवणारा वैदू पुढं ग्यानोबाच्या पायासाठी आला. तिच्या वस्तीत मात्र यायला तयार झाला नाही.

त्या वाकड्या हाताकडं बघता बघता ग्यानोबाला राहवेना.

“अक्का, घासू नगं. आज परत देऊन टाकणार हाय.”

“काय?”

“ह्योच. तुझा हात मोडला अन् पत्रा मला. ह्यो कुठला न्याव? तुझ्याजवळ दाखला न्हाई म्हणत्यात. मग माझाबी ठेवा म्हणावं.”

चिंच थांबली. धुरपताबाई हळूच म्हणाली, “मला इचारलंस?”

“तुझ्यासाठीच तर—”

“मला इचारलंस का, म्हन्ते मी.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ग्यानोबाला जास्त लागलं. “त्या दुपारचं आता ऱ्हायलंय काय, ग्यानबा? एक माझा हात, अन् एक ह्यो पत्रा. हात तर माझ्यासंगं जळून जाईल. मागं ह्योच ऱ्हानार. नात माझी शाळेत सांगती, ग्यानोबाच्या घरात तांब्याचा पत्रा हाय, त्यात आमची आजी हाय. पोरी हसत्यात तिला. हसू देत. पर तू वापस केलास, तर ती दावंल काय?”

ग्यानोबानं मान खाली घातली. डोळे भरून आले, ते त्यानं लपवले नाहीत.

“न्याव न्हाई, ते मला कळतंय,” ती म्हणाली. “तरीबी असू दे.” आणि पुन्हा चिंच चोळू लागली. धुवायला पाणी कुठलं? नव्या लुगड्याच्या पदरानंच तिनं ताम्रपट पुसून काढला. पदराला हिरवट-काळा डाग पडला. “जाऊ दे, निघंल,” म्हणाली.

लातूरला मंडपाच्या दाराशी एक कारकून रेशमी फुलांचे बिल्ले घेऊन उभा होता. बिल्ला मोजून, एका सत्कारमूर्तीला एकच.

“या, या. सत्कारमूर्ती कोण?”

ग्यानोबानं पिशवीतून ताम्रपट काढला. त्याला अजून चिंचेचा वास येत होता. धुरपताबाईचा वाकडा हात त्यानं हलकेच उचलला आणि ताम्रपट त्या हातात दिला.

“ह्या,” तो म्हणाला.

कारकून गोंधळला. “आणि तुम्ही?”

या खेपेला शब्द शोधावा लागला नाही.

“मी सोबती.”