भोगीच्या बाजारातली वांगी

संक्रांतीला जोडून रविवार आला म्हणून आम्ही परभणीहून गावी आलो, आणि मी हौसेनं सासूबाईंबरोबर ताडकळसच्या बाजारात वांगी विकायला बसले. दुसऱ्या दिवशी घरोघर भोगीची भाजी होणार, तरी आमच्यापुढं गिऱ्हाईक टिकेना. आठ आण्याच्या वाट्याला सासूबाई दोन रुपये सांगायच्या. त्या पाणी प्यायला गेल्या, तेवढ्यात मी आठ आण्यानं अख्खी टोपली खपवली.

परत आल्या आणि त्यांनी टोपली उलटी करून बघितली.

“समदी इकलीस?”

“हो. आता लवकर घरी जाऊ.”

“तेच तर. टोपली रिकामी झाली की तुझे मामंजी गाडी जुंपतेत. आपली पंचफुला दुपारी येती. सासरचे तिला बाजारापुरतंच सोडतेत. लेक येईस्तोवर बसायला मिळावं म्हून चार वर्सं भाव चढवून बसायले मी. तुझ्या मामंजींना ठावं न्हाई.”

एवढ्यात मामंजीच समोर आले. त्यांनी रिकाम्या टोपलीत डोकावून पाहिलं. मग पलीकडच्या बाईकडं गेले, उपरणंभर वांगी घेऊन आले आणि आमच्या टोपलीत ओतली.

“एवढी इकली की निघू,” ते म्हणाले. “भाव मातर पाडू नका.”